कामाची वेळ बदलली आणि वाचन सुटलं

मागच्या अंकात या पानावर मी सहज विचारलं होतं की गेल्या आठवड्यात फुरसतीत काय वाचलंत, काय बघितलंत, आणि कामाच्या ठिकाणी काही बदललं असेल तर तेही कळवा. मला वाटलं होतं पुस्तकांची आणि पिक्चरची नावं येतील. आली पण थोडी. बाकी सगळी पत्रं कामाबद्दल, शिफ्ट बदलली, बदली झाली, घरून काम बंद झालं, रिटायर झालो, आणि प्रत्येकात कुठेतरी एक ओळ अशी की हल्ली वाचणं होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात येतायत हा योगायोग नाहीये असं मला ती वाचताना सारखं वाटत होतं, म्हणून यावेळी त्यातलीच पाच घेतली आहेत, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर. नावं कुणाचीच छापत नाही, तसं बऱ्याच जणांनी कळवलं होतं.

ताई, मी डोंबिवलीला राहते, ऑफिस अंधेरीला आहे. चार वर्षं आठवड्यातून दोनच दिवस जायला लागायचं, आता पाचही दिवस कंपल्सरी केलंय. लग्नाआधी मी लोकलमध्ये महिन्याला तीन-चार पुस्तकं संपवायचे. आता ट्रेनमध्ये हात आपोआप फोनकडे जातो, रील बघता बघता घाटकोपर येतं. शनिवारी रात्री एखादी सिरीज लावते ती दोन वाजेपर्यंत सगळी बघूनच उठते, मग रविवारी डोकं जड आणि मनाला लागतं की आठवडा गेला आणि एक पान वाचलं नाही. माझं वाचन संपलं का?

नाही हो, संपलं नाहीये. तुमचंच पत्र परत एकदा वाचून बघा, त्यात उत्तर आहे. तुमचं वाचन लोकलमध्ये राहायचं. घरी नाही, पलंगावर नाही, लोकलमध्ये. घरून काम सुरू झालं तेव्हा लोकल गेली आणि तिच्याबरोबर वाचनाची जागा गेली, तेव्हा तुम्हाला ते जाणवलंही नसेल कारण प्रवास वाचला याचाच आनंद मोठा होता. मधल्या चार वर्षांत फोनला सवय लागली रिकाम्या हातात यायची. आता लोकल परत आली पण सीटवर फोन आधीच बसलाय. म्हणून स्वतःला आळशी म्हणू नका, तुम्ही फक्त जागा सोडली होती आणि ती दुसऱ्याने धरली, आपल्याकडे लेडीज डब्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता ती जागा परत कशी मिळवायची. जातायेताचा सगळा प्रवास वाचनाला द्यायचा असं ठरवू नका, ते तीन दिवस टिकतं. फक्त सकाळचा डोंबिवली ते घाटकोपर एवढाच तुकडा धरा. सकाळच्या फास्टमध्ये पुस्तक उघडायला कोपर हलत नाही हे मला माहितेय, त्यामुळे शक्य असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी निघून डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडा. बसायला मिळायची शक्यता खूप जास्त, आणि घाटकोपरपर्यंत पाऊण तास आरामात मिळतो. दिव्याला गर्दी आत येते तोपर्यंत तुमची दोन-तीन पानं झालेली असतात आणि एकदा पानात शिरलं की मग गर्दीचं काही वाटत नाही. घाटकोपरला पुस्तक बंद. पुढे मेट्रोच्या रांगेत आणि मेट्रोत काय करायचं ते करा. संध्याकाळी येताना तर वाचूच नका, दिवसभर स्क्रीन बघून डोळे थकलेले असतात, तेव्हा आईला फोन करा, भाजी निवडा, डोळे मिटून बसा, रील बघा, तो वेळ हिशोबात धरू नका.

दोन बारीक गोष्टी, पण मला यांचा खरंच उपयोग झालाय. पुस्तक पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आणि फोन आतल्या चेनच्या कप्प्यात. आपण बहुतेक वेळा जे आधी हाताला लागतं तेच उघडतो. आणि दुसरं, इतक्या गॅपनंतर सहाशे पानांची कादंबरी घेऊन सुरुवात करू नका, शे-सव्वाशे पानांचं काहीतरी घ्या जे आठवड्याभरात संपेल. एक पुस्तक पूर्ण झालं की तो जो आनंद असतो ना, तोच पुढच्या पुस्तकाला घेऊन जातो. तुमच्या डोंबिवलीत पुस्तक आदानप्रदान भरतं, आपलं वाचलेलं द्यायचं आणि दुसऱ्याचं घ्यायचं, तिथे अशी पातळ पुस्तकं खूप मिळतात. लोक दुर्लक्ष करतात त्यांच्याकडे.

शनिवार रात्रीबद्दल. सिरीज बघणं पाप नाहीये आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, आठवडाभर राबलेल्या माणसाला कुणीतरी गोष्ट सांगावी असं वाटणारच. त्रास कुठे होतो तर एपिसोड संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि आपण थांबायचं की नाही हे ठरवायची वेळच येत नाही. बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये हे आपोआप सुरू होणं बंद करता येतं, ते आजच बंद करा. किंवा शनिवारी सिरीजऐवजी सिनेमा लावा, सिनेमा दोन तासांत संपतो आणि संपल्यावर आपण त्याच्याबद्दल विचार करत झोपतो, ही मला सिनेमाची फार मोठी देणगी वाटते.

मी 24 वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. आधी जनरल शिफ्ट होती, आता तीन शिफ्टचं रोटेशन केलं, दर आठवड्याला बदलते. रूमवर आम्ही चौघं, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. एक मोठी कादंबरी घेतली त्याला दोन महिने झाले, दरवेळी मागचं विसरतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. नाईट करून आलो की मोबाईलवर काहीतरी बघत पडतो, झोप लागायला अकरा वाजतात. काय वाचू ते सांगा.

तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे ती कादंबरी बाजूला ठेव. वाईट आहे म्हणून नाही, तिला रोज एकाच वेळी भेटायला लागतं आणि तुझी वेळ दर सोमवारी बदलते. फर्स्टला पहाटे बस पकडायची, सेकंडला रात्री जेवायला बारा, नाईटला तर दिवस-रात्रच उलटी, अशात चाळीस पात्रं आणि तीन पिढ्या कुणाच्या लक्षात राहणार. तुला गोष्टी हव्यात. सुट्या, पण एकमेकींना धरून असलेल्या.

प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' घे. लंपन नावाचा मुलगा आईवडिलांपासून लांब आजी-आजोबांकडे राहतो, बेळगावकडचा भाग, बोलण्यात कानडीचा वास, आणि तो त्याच्या डोक्यात जे जे येतं ते आपल्याला सांगत सुटतो, 'म्याड' हा त्याचा लाडका शब्द. प्रत्येक गोष्ट आपापली पूर्ण आहे, एका बसमध्ये एक वाचून होते. पण माणसं तीच, घर तेच, मैत्रीण सुमी तीच, त्यामुळे पंधरा दिवसांनी परत उघडलंस तरी नव्याने ओळख करून घ्यायला लागत नाही. 'वनवास' 1994 ला आलं, त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', अशी चार पुस्तकं आहेत, म्हणजे तुझं वर्ष निघालं. मला या लेखकाबद्दल एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. ते कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, कराडला कॉलेजमध्ये भूगर्भशास्त्र शिकवायचे. लंपनच्या सुरुवातीच्या गोष्टी त्यांनी साठच्या दशकात लिहिल्या आणि मग किती तरी वर्षं लिहिणं थांबलं. परत सुरू झालं ते नव्वदच्या दशकात, आणि तो मुलगा तेवढाच ताजा राहिला होता. तू दोन महिने थांबलास म्हणून काळजी करतोयस.

यावर 'लंपन' नावाची सिरीजपण झालीये, निपुण धर्माधिकारींनी केलेली, 2024 ला सोनी लिववर आली आणि त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात तिला उत्कृष्ट वेब सिरीजचं बक्षीस मिळालं. आजीचं काम गीतांजली कुलकर्णींनी केलंय, ते तर बघच. पण माझं ऐकशील तर आधी दोन-तीन गोष्टी वाच आणि मग बघ, कारण पुस्तकातलं घर आधी तू तुझ्या मनात बांधलेलं असलं की पडद्यावरचं घर बघायला जास्त मजा येते. उलट केलंस तर लंपनचा चेहरा तुला आयताच मिळेल.

आणि एक सांगते, हे जरा कडक आहे. नाईटच्या आठवड्यात वाचू नकोस. बघूही नकोस. नाईट करून आलास की आंघोळ, खाणं आणि झोप, फोन पलंगापासून लांब चार्जिंगला. त्या आठवड्यात झोपेतून जे मिळेल ते कुठल्या पुस्तकातून मिळणार नाही. फारच वाटलं तर जाताना बसमध्ये कानात गोष्ट लाव, मराठीत आता बऱ्यापैकी ऑडिओबुक आहेत, स्टोरीटेलसारख्या ॲपवर चांगले नट वाचून दाखवतात. महिन्यातले तीन आठवडे वाचलंस तरी भरपूर झालं. आणि रूमवर एक पुस्तक कॉमन जागेत ठेव, चौघांच्या चार शिफ्ट म्हणजे ते पुस्तक दिवसभर कुणाच्या तरी हातात राहील, बघ एकदा करून आणि मला कळव.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. ऑनलाईन बदलीत सुरगाणा तालुक्यातला पाडा मिळाला. आधी निफाडला होते, घरापासून वीस मिनिटं. आता आठवडाभर इथेच राहते, शनिवारी घरी जाते. मुलं आपसात कोकणी, म्हणजे इथल्या आदिवासींची बोली, बोलतात, माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटते. पावसात नेटवर्क जातं ते दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे बघायचं काही राहत नाही, वाचायला पुस्तक मिळत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर काय करावं कळत नाही, रडू येतं. तुम्ही काय सुचवाल?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रडू येतं हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, बदलीच्या पत्रात रुजू होण्याची तारीख असते पण संध्याकाळचं काय करायचं ते कुणी लिहून देत नाही.

तुम्ही 'बनगरवाडी' वाचलीच असेल, बहुतेक डी.एड.ला नाहीतर त्याच्याही आधी. मी तुम्हाला ती परत वाचा म्हणणार आहे, कारण तेव्हा तुम्ही ती विद्यार्थिनी म्हणून वाचली होतीत. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ला आली, लहानशी आहे, तीन-चार संध्याकाळात होते. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळेसाठी येतो तेव्हा शाळेत पोरं नसतात, ती मेंढरांमागे गेलेली असतात. त्याची भाषा वेगळी, जात वेगळी, त्याला तिथलं काहीच येत नाही. आणि मग कारभारी, आनंदा रामोशी, अंजी, शेकू ही माणसं एकेक करून त्याच्या आयुष्यात येतात, शाळेबाहेरची कामं घेऊन त्याच्याकडे यायला लागतात, तो वाडीत तालीम बांधायचं मनावर घेतो आणि सगळी वाडी त्याला हात लावते. मी लहानपणी वाचली तेव्हा मला दुष्काळ लक्षात राहिला होता. नोकरी लागल्यावर वाचली तेव्हा लक्षात राहिलं ते हे की हा मास्तर गाव सुधारायला आलोय अशा थाटात वागत नाही, तो आधी बघतो, ऐकतो, चुकतो, आणि गाव त्याला हळूहळू आपलं म्हणतं. तुम्हाला यात खूप काही सापडेल. शेवट उदास आहे हे आधीच सांगते, ज्या दिवशी मन आधीच जड असेल त्या दिवशी शेवटची पानं वाचू नका, शाळेतून हसत आलात त्या दिवशी वाचा. अमोल पालेकरांनी 1995 ला यावर सिनेमाही केलाय, पण तो नंतर कधीतरी.

शनिवारी घरी गेलात आणि नेटवर्क असेल तेव्हा एक सिनेमा मात्र आधी बघा, 'किल्ला', अविनाश अरुण यांचा. नवरा गेलेली एक बाई, सरकारी नोकरी, बदली होऊन मुलाला घेऊन कोकणात येते. सिनेमा तसा मुलाचा आहे, नवीन शाळा, नवीन मित्र, समुद्र, पाऊस, आणि बर्लिनच्या फेस्टिवलमध्ये 2014 ला मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं, आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारातही तो त्या वर्षीचा उत्तम मराठी चित्रपट ठरला. पण मी तो बघते अमृता सुभाषने केलेल्या आईसाठी. ऑफिसात ती नवीन, तिथल्या रीती तिला माहीत नाहीत, घरी आल्यावर मुलगा गप्प, आणि ती एकटी स्वयंपाकघरात उभी असते तेव्हा फार काही बोलत नाही. नवीन गावात पहिले सहा महिने कसे जातात ते इतकं खरं मी फार कमी ठिकाणी बघितलंय. तुम्हाला रडू येईल, पण ते वेगळं रडू असेल, आपल्यासारखं कुणीतरी आहे असं वाटून येतं ते.

पुस्तकं मिळत नाहीत याचं मात्र काहीतरी करायला हवं आणि तुमच्याच जिल्ह्यात त्याची सोय आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' नावाचा उपक्रम आहे. पुस्तकांची एक पेटी एका ठिकाणी ठेवतात, आसपासची माणसं त्यातली पुस्तकं वाचतात, काही महिन्यांनी पेटी बदलते. विनायक रानडे यांनी ही कल्पना उभी केली आणि आता पेट्या महाराष्ट्राबाहेर, अगदी परदेशातल्या मराठी माणसांकडेही गेल्यात. सुरगाण्यात तुम्ही एकट्याच शिक्षिका नाही आहात, केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांचा ग्रुप असेलच, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर असतील, ग्रामसेवक असतील, सगळ्यांना विचारा आणि मिळून अर्ज करा. तालुक्याच्या गावी एखादं सार्वजनिक वाचनालय असेल तर तेही बघा. आपल्याकडे 1967 पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि राज्यात सरकारमान्य वाचनालयं दहा हजारांहून जास्त आहेत, काही अगदी एका खोलीतली, पण शनिवारी जाताना एक पुस्तक देणं आणि सोमवारी येताना एक घेणं एवढं त्यात होतं. शिवाय घरी वायफाय असेल तेव्हा साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वेबसाईटवरून पुस्तकं फुकट उतरवून फोनमध्ये ठेवा, पाड्यावर नेटवर्क गेलं तरी ती उघडतात.

आणि कोकणी. इथे मला जरा जास्त बोलायचंय. मुलांना तुमची मराठी पुस्तकी वाटते, ठीक आहे, मग संध्याकाळी साडेपाचनंतर एक वही घ्या आणि पाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसा. त्या भाताला, पावसाला, पाखरांना काय म्हणतात ते लिहून घ्या, गोष्टी विचारा, गाणी विचारा. नागलीची भाकरी खाताना बायका जेवढं बोलतात तेवढं ऑफिसात कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्याच आजीची गोष्ट तुम्ही मुलांना अर्धी त्यांच्या बोलीत सांगितलीत की बघा कशी गंमत होते. ही वही म्हणजेच तुमचं यंदाचं पुस्तक असं मी म्हणेन. मला त्यातली दोन पानं पाठवाल का? मनापासून विचारतेय.

दिवाळीत सात अंक घेतले, त्यातले साडेपाच तसेच पडलेत. आता जुने झाले, काय करू? (कोल्हापूर)

जुने होत नाहीत हो. बातम्या जुन्या होतात, कथा नाही होत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 ला 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथपासून आपण दिवाळीत वाचायचं काम पुढचं वर्षभर करत आलोय. जेवणाच्या टेबलवर एकच अंक ठेवा, बाकीचे कपाटात. उरलेला अर्धा आधी संपवा. आणि पुढच्या वर्षी विकत दोनच घ्या आणि बाकीच्यांसाठी वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्या, ठरावीक पैसे भरायचे आणि एकेक बदलून आणायचा. परत करायची तारीख असली की वाचलं जातं. तुमच्याकडे करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं, तिथे चौकशी करा.

मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, मार्चमध्ये रिटायर झालो. नोकरीत डेपोवर पेपर वाचायचो, मुक्कामी गाडी असली की रात्री कादंबरी. आता वेळच वेळ आहे तर मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. टीव्हीवर मालिका बघतो त्यात मन लागत नाही. मंडळींना वाचायची सवय नाही, शाळा चौथीपर्यंत. माझं ठीक आहे, तुम्ही सांगा, तुम्ही स्वतः आठवड्यात काय वाचता, काय बघता?

काका, नमस्कार. तुम्ही विचारलंत म्हणून माझा मागचा आठवडा सांगते, त्यातच तुमचं उत्तर येईल.

आमच्याकडेही काम बदललंय. इतकी वर्षं आम्ही छापायच्या आधी चुका तपासायची प्रुफं कागदावर बघायचो आणि दोघी मिळून बघायचो, एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने लाल पेन घेऊन प्रुफावर नजर ठेवायची. माझ्याबरोबर जी बसायची तिचा आवाज माझ्या कानात इतका बसलाय की काही लेखकांची वाक्यं मला अजून तिच्याच आवाजात आठवतात. आता सगळं स्क्रीनवर आलं. दोघींचं काम एकीवर आलं आणि ती दुसऱ्या विभागात गेली. काम लवकर होतं, खोटं कशाला सांगू. पण सोमवारी मी दिवसभरात एक शब्द मोठ्याने वाचला नाही आणि घरी येताना मला घसा बंद झाल्यासारखं वाटत होतं. मंगळवारी मला कळलं की मला माझी मैत्रीण आठवतेय त्याहीपेक्षा ते मोठ्याने वाचणं आठवतंय.

मग मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, ऐकता का जरा, आणि 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, लग्न झाल्यावर नवऱ्याने म्हणजे रेव्हरंड टिळकांनी त्यांना वाचायला शिकवलं, आणि पुढे त्यांनी हे आत्मचरित्र लिहिलं ते 1934 पासून चार भागांत आलं. लिहिलंय म्हणण्यापेक्षा बोललंय. वाक्यं छोटी, घरातली, सोवळंओवळं, भांडणं, मुलं, गरिबी, नवऱ्याने धर्म बदलला तेव्हाची ती जीवघेणी वर्षं, आणि सगळ्यात एक हसू आहे. डोळ्यांनी वाचताना जे सुटतं ते मोठ्याने वाचताना बरोबर सापडतं. सासूबाई पहिल्या दिवशी पाच मिनिटं ऐकते म्हणाल्या आणि साडेदहापर्यंत बसल्या, मध्येच मला थांबवून आपल्या माहेरच्या सोवळ्याच्या गोष्टी सांगायला लागल्या, म्हणजे पुस्तक चार पानं आणि गप्पा तासभर. बुधवारीही तेच. गुरुवारी मला उशीर झाला तर त्यांनीच विचारलं, आज बाईंचं काय झालं पुढे. शुक्रवारी मी काही वाचलं नाही, मराठी विश्वकोशाची वेबसाईट उघडून एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर फिरत बसले, तेही मला फार आवडतं. शनिवारी घरात सगळ्यांनी मिळून 'किल्ला' परत बघितला, म्हणून वरच्या उत्तरात तो इतका आलाय.

आता तुमचं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत बारीक टायपाचं काही हातात घेऊ नका. पण काकू चौथी शिकल्यात ना, चौथी पुरते. त्यांना वाचायला द्या आणि तुम्ही ऐका. अडखळतील, पहिला आठवडा एका पानाला पंधरा मिनिटं लागतील, तिथे तुम्ही त्यांना घाई करायची नाही आणि शब्द तोंडातून काढून घ्यायचा नाही. 'स्मृतिचित्रे'नेच सुरुवात करा, लिहिणाऱ्या बाईसुद्धा उशिरा वाचायला शिकल्या हे काकूंना आधी सांगा. वाचनालयात मोठ्या टायपाची आवृत्ती मिळाली तर तीच मागा. आणि मध्येमध्ये तुम्ही तुमच्या मुक्कामी गाड्यांच्या गोष्टी सांगा, तीस वर्षं तुम्ही रात्री कुठल्या गावात, कुठल्या पारावर, काय वाचत बसला होतात हे त्यांना कुठे माहितेय. त्या तेव्हा घरी होत्या.

संध्याकाळी सातच्या मालिकेच्या आधीची वेळ धरा, साडेसहा. तुमच्या गाडीची वेळ तुम्ही तीस वर्षं पाळलीत, ही तर घरातलीच आहे.